न लिहिलेले तास: कोकणातल्या सीए ऑफिसांची पार्श्वभूमी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, कुठल्याही गावच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, केलेल्या मुलांना विचारा, टाइमशीटवर (कामाच्या तासांच्या नोंदपत्रकावर) किती तास टाकलेस आणि प्रत्यक्ष किती बसलास. दोन आकडे क्वचितच जुळतात आणि फरक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतो: केलेले जास्त, लिहिलेले कमी. तास फुगवून क्लायंटकडून पैसे उकळले तर बोभाटा होतो. कमी तास लिहिले तर तक्रार करायला कोणी उरत नाही, म्हणून हा प्रश्न इतकी वर्षे दबून राहिला.

तासाच्या हिशेबाने बिल लावण्याची पद्धत अमेरिकन वकिलांकडून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेत वेळेची नोंद ठेवू लागले, ती कामाला खर्च किती येतो हे कळावे म्हणून. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांची किमान फीची दरपत्रके मोडीत काढली आणि तासाच्या दराला आणखी बळ मिळाले. ऑडिट फर्मही तासाचे बजेट मांडत होत्याच. कनिष्ठ लोक बजेटात बसावे म्हणून तास खातात, म्हणजे केलेले तास लिहीत नाहीत, हे १९७८ सालीच तिथल्या पाहणीत नोंदले गेले आहे.

आपल्याकडे बहुतेक छोट्या फर्ममध्ये फी आधी ठरते आणि तास नंतर मोजले जातात, मोजले तर. बँकेच्या शाखेच्या ऑडिटची फी शाखेतल्या कर्जाच्या आकड्यावरून ठरत आली. दापोली किंवा गुहागरकडच्या शाखेत आकडा लहान आणि खाती मात्र किचकट: काजू कारखान्याची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज), बोटींची कर्जे, आंबा बागायतदारांची पीककर्जे. पीककर्ज थकले की नाही हे ९० दिवसांच्या नेहमीच्या नियमाने ठरत नाही, पिकाच्या हंगामावरून ठरते. म्हणजे प्रत्येक फाइल उघडून हप्त्याची तारीख बघणे आले. एप्रिलमध्ये हे काम करणारा मुलगा रात्री नऊला लॉजवर परततो आणि शीटवर आठ तास लिहितो.

टॅक्स ऑडिट, म्हणजे आयकरासाठी सक्तीची हिशेबतपासणी, १९८४ च्या वित्त कायद्याने आले आणि तालुक्याच्या ऑफिसांचे अर्थकारणच त्याने बदलले. बरीच वर्षे मुदत ३१ ऑक्टोबरची होती. २००८ मध्ये ती ३० सप्टेंबरवर आली. दिल्लीत हा बदल महिन्याभराचा वाटला असेल, कोकणात तो थेट गणपतीवर आला. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी २८ ला, मुदतीच्या दोन दिवस आधी. चाकरमानी गाड्या भरभरून गावी येत होते आणि गावातलीच मुले आरती आटोपून ऑफिसात परत बसत होती. त्या दिवसांचे मस्टर पाहिले तर बहुतेकांची सुट्टी लागलेली दिसते. काम झालेले असते, तास कुठेच नसतात.

खरा वाद आहे तो ३५ तासांच्या नियमाचा. आर्टिकलचे, म्हणजे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाचे, काम आठवड्याला ३५ तास, असे सीएंच्या संस्थेचा विनियम सांगतो. मुलाला अभ्यासाला वेळ मिळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण ऑफिस सोमवार ते शनिवार चालते. ३५ ला सहाने भागले तर दिवसाला सहा तासही येत नाहीत. दहा ते सात ऑफिस, मध्ये तासभर जेवण, असे धरले तर आठवडा ४८ तासांचा होतो. वरचे १३ तास लिहिले तर नियम मोडल्याचा पुरावा आपल्याच हाताने तयार होतो. म्हणून महिनाअखेरीला मस्टर एका बैठकीत, एकाच पेनाने भरले जाते: आत येण्याची वेळ तीच, बाहेर जाण्याची तीच, खाली सही. मुलाला राबवून घेऊ नये म्हणून केलेला नियम मुलाचेच काम कागदावरून पुसतो.

फर्मवाल्यांची बाजूही आहे. व्यापारी, पतसंस्था आणि बागायतदार यांच्याकडून मिळणारी फी तुटपुंजी असते, आणि आर्टिकल हा कामगार नसून शिकाऊ आहे असे ते म्हणतात. शिकणे झाले हे मान्यच. पण शिकताना गेलेले तासही लिहायला काय हरकत आहे, याचे उत्तर मला कोणाकडून मिळालेले नाही. मोबदल्याचेही बघा. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. चार लाखांखालच्या गावात, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्याच गावांत, सुधारित दरानेही पहिल्या वर्षी महिन्याला २,००० रुपये.

खाल्लेले तास मागच्या वर्षातच संपत नाहीत. समजा, एका पतसंस्थेच्या ऑडिटला ११० तास लागले आणि शीटवर ८० पडले. पुढच्या वर्षी बजेट बनवताना मागची शीटच उघडली जाते, म्हणून नव्या मुलाला ८० च मिळतात, कधी 'आता काम माहितीचे आहे' म्हणून ७५. तो ११० लिहील तर संथ ठरेल. फी वाढवून मागायची तर हातात आधार तोच ८० चा. याची किंमत फर्मही मोजते, फक्त तिला ती दिसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या कन्सल्टिंग आणि आयटी कंपन्यांची माणसे गावी येऊन काम करू लागली, तेव्हा हीच सवय घराघरात आली. ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. रेंजसाठी सड्यावर (डोंगरावरच्या कातळी पठारावर) जाऊन बसण्यात गेलेला वेळ कुठल्या प्रोजेक्ट कोडवर टाकणार? तो कोणीच टाकला नाही.

त्यानंतर, २०२४ मध्ये, पुण्यातल्या एका तरुण सीएच्या मृत्यूनंतर घरच्यांनी लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले आणि कामाच्या तासांवर उघड चर्चा झाली. ती मोठ्या फर्मभोवतीच फिरली. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली, पण मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा होता. कोकणातली कितीतरी सीए ऑफिसे त्या आकड्याच्या आत राहतात. जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली आणि रजाही वर्षाला १२ दिवसांवर. आठवड्याचे तास मात्र कागदावर अजून ३५ च आहेत.