फक्त ३१ तारखेला दिसणारा बग

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत तारीख वाचण्याचं एक फंक्शन आहे. त्याला मजकूर द्यायचा आणि तो कोणत्या साच्यात लिहिलाय ते सांगायचं. समजा मजकूर दिला '२०२४-०२' आणि साचा सांगितला 'वर्ष-महिना'. १० जानेवारीला हा प्रोग्राम चालवला तर उत्तर फेब्रुवारी २०२४ मधलं येतं. २० जानेवारीलाही तसंच. पण ३१ जानेवारीला तोच प्रोग्राम, त्याच मजकुरासाठी, २ मार्च २०२४ असं उत्तर देतो.

मजकुरात दिवस लिहिलेलाच नाही, म्हणून फंक्शन तो आजच्या तारखेतून उचलतं. आज ३१ असेल तर तारीख तयार होते ३१ फेब्रुवारी. २०२४ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा, तेव्हा उरलेले दोन दिवस मार्चमध्ये सरकवले जातात. कुठेही एरर नाही, इशारा नाही. तक्रार आल्यावर प्रोग्रामर दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ तारखेला, तपासायला बसतो तेव्हा सगळं सुरळीत चालत असतं. दुरुस्ती एका चिन्हाची आहे: साच्याच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाकलं की न दिलेले घटक आजच्या तारखेऐवजी १ जानेवारी १९७० वरून घेतले जातात, म्हणजे दिवस नेहमी १ धरला जातो.

मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या भागाला पार्सर म्हणतात. माणसं तारीख लिहिताना नेहमी काही ना काही गाळतात. कधी वर्ष, कधी शतक, कधी टाइमझोन. वाचणाऱ्या माणसाला ते संदर्भाने कळतं. संगणकाला मात्र काळाच्या रेषेवरचा एक नेमका बिंदू हवा असतो. मधली तूट पार्सर स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो, आणि तारखांचे सर्वांत चिवट बग याच भरलेल्या जागेत असतात असं माझं ठाम मत आहे.

दिवस आधी की महिना आधी, हा गोंधळ सर्वांना माहीत आहे. पण पार्सर त्यावर काय करतो ते पाहण्यासारखं आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली डेटयुटिल ही लोकप्रिय लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येणारा तयार कोडचा संच, वेगळं काही सांगितलं नसेल तर, महिना आधी धरते. '१२/०२/२०२४' म्हणजे तिच्या मते २ डिसेंबर. '१३/०२/२०२४' आलं की तेरावा महिना नसतो हे ओळखून ती आकड्यांची अदलाबदल करते आणि १३ फेब्रुवारी असं बरोबर उत्तर देते. हा समजूतदारपणाच घातक ठरतो. दिवस आधी लिहिलेल्या हजारो नोंदींचा रकाना दिला, तर प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या नोंदी उलट्या वाचल्या जातात आणि १३ पासूनच्या बरोबर. नुसती नजर टाकून हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येक तारीख सुटी पाहिली तर वैधच असते. माहितीच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या पांडाज लायब्ररीने २०२३ मध्ये, आवृत्ती २.० पासून, यावर चांगला नियम आणला. रकान्यातल्या पहिल्या तारखेवरून एकदाच साचा ठरवायचा, आणि पुढची एखादी नोंद त्यात बसली नाही तर अदलाबदल न करता थेट एरर द्यायची. या बदलानंतर अनेकांचे चालू प्रोग्राम थांबले. मला ते योग्यच वाटतं. थांबलेला प्रोग्राम दिसतो, तर चुकीचा आलेख कुणाला न कळता अहवालात जाऊन बसतो.

सेकंदाच्या अंशांची चूक त्याहून सूक्ष्म. जावा भाषेतला जुना पार्सर बिंदूनंतरच्या आकड्यांना अपूर्णांक समजत नाही, मिलिसेकंदांची पूर्ण संख्या समजतो. '१२:००:००.५' म्हणजे खरं तर अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद. तो वाचतो ५ मिलिसेकंद. मायक्रोसेकंदापर्यंत नोंद असेल, उदाहरणार्थ '१२:००:००.१२३४५६', तर तो १,२३,४५६ मिलिसेकंद धरतो आणि घड्याळ दोन मिनिटांहून अधिक पुढे ढकलतो. घटनांचा क्रम लावायचा असेल तर एवढं अंतर पुरेसं आहे. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीसोबत तारखांची सगळी रचनाच नव्याने आली आणि तिच्यात हा भाग अपूर्णांक म्हणून वाचला जातो.

न लिहिलेली वेळ मध्यरात्र धरायची, ही आणखी एक निरुपद्रवी वाटणारी भर. ब्राझीलमधल्या साओ पाउलोमध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे करण्याची पद्धत, सुरू व्हायची ती नेमकी मध्यरात्री. ४ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथली घड्याळं ११:५९ नंतर थेट १ वर गेली. त्या दिवशी ००:०० ही वेळ तिथे झालीच नाही. जोडा-टाइम ही जावासाठीची लायब्ररी अशी वेळ मागितली की एरर द्यायची, आणि ते खरंही होतं, पण बिचाऱ्या वापरकर्त्याने तर फक्त तारीख लिहिलेली असायची. म्हणून जावाच्या नव्या रचनेत 'दिवसाची सुरुवात' मागण्याची वेगळी सोय आहे. त्या दिवशी साओ पाउलोसाठी ती रात्रीचा १ देते. शिवाय टाइमझोन नसलेली तारीख आणि टाइमझोनसह असलेला क्षण हे तिथे दोन वेगळे प्रकार आहेत. जन्मतारीख पहिल्या प्रकारात ठेवली की तिला मध्यरात्र लागतच नाही.

इतकं कळल्यावर प्रश्न पडतो, सगळ्या जुन्या लायब्रऱ्या एकदाच सरळ का करत नाहीत? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या २००९ च्या प्रमाणकात, म्हणजे अधिकृत नियमावलीत, ठरलं की टाइमझोन लिहिला नसेल तर जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, धरायची. २०१५ च्या प्रमाणकाने ते बदलून स्थानिक वेळ केली. पण तोवर असंख्य संकेतस्थळं जुन्या अर्थावर उभी होती. शेवटी तडजोड झाली: नुसती तारीख असेल तर यूटीसी, तारखेसोबत वेळ असेल तर स्थानिक. त्यामुळे आज '२०२४-०३-१०' हा मजकूर न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरला दिला आणि उत्तर स्थानिक वेळेत दाखवलं, तर ९ मार्च दिसतो, कारण यूटीसीनुसार मध्यरात्र होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदला दिवसच चालू असतो.

कधी लायब्ररीला कुणी हात न लावताही पार्सर मोडतो. भाषांनुसार तारखा कशा लिहायच्या याची माहिती सीएलडीआर नावाच्या सामायिक संग्रहातून येते. त्याच्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतला आकडा आणि 'पीएम' यांच्यामधली साधी स्पेस जाऊन तिच्या जागी न तुटणारी अरुंद स्पेस आली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगवेगळी अक्षरं. २०२३ मध्ये आलेल्या जावा २० मध्ये '३:०५ पीएम' सारखा साध्या स्पेसचा मजकूर वाचताना एकाएकी एरर येऊ लागल्या. पुढे जावा २३ मध्ये सैल पद्धतीने वाचताना स्पेसचे प्रकार सारखे मानण्याची सोय झाली.

असे बग पकडायचे तर टेस्ट खऱ्या घड्याळावर अवलंबून ठेवून चालत नाही. 'आज' हे फंक्शनला बाहेरून देता आलं पाहिजे, म्हणजे ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबर हे दिवस हवे तेव्हा उभे करता येतात. तेच टेस्ट वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये चालवावेत. त्यातला एखादा नेपाळसारखा असावा, ज्याचं यूटीसीपासूनचं अंतर ५ तास ४५ मिनिटं आहे, कारण पूर्ण तासच गृहीत धरणारा कोड तिथे लगेच उघडा पडतो. आणि यादृच्छिक हजारो क्षण घेऊन ते मजकुरात लिहावेत, परत वाचावेत आणि पहिलाच क्षण मिळतो का ते तपासावं.

पायथॉनने अलीकडे घेतलेला निर्णय मला विशेष आवडतो. तिथे वर्ष न देता '२९ फेब्रुवारी' वाचायला सांगितलं की एरर येते, कारण न दिलेलं वर्ष १९०० धरलं जातं आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लीप वर्ष गृहीत धरून ही एक तारीख चालवून घेता आली असती. त्याऐवजी ३.१३ आवृत्तीपासून, दिवस आहे पण वर्ष नाही असा साचा दिला की पायथॉन इशारा देतं, मग तारीख २९ फेब्रुवारी असो वा ५ जून. प्रोग्रामरने वर्ष स्वतः जोडून द्यावं, अशी अपेक्षा आहे.