अमर डाव

अमर डाव : बुद्धिबळाच्या इतिहासातील सर्वाधिक परिचित आक्रमक डाव. ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्ह्रोत्सवाफ) येथील गणिताचे शिक्षक आडोल्फ आंडरसन (१८१८–७९) यांनी लिओनेल कीझरित्स्की (१८०६–५३) यांच्याविरुद्ध तो लंडनमध्ये १८५१ च्या उन्हाळ्यात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला. २१ जून ही तारीख बहुतेक संग्रह देतात व तीच येथे ग्राह्य धरली आहे. एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीर असे सारे देऊन आंडरसन यांनी तेविसाव्या चालीला मात केली. त्या क्षणापर्यंत काळ्याची केवळ तीन प्यादी मारली गेली होती.

पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी लंडनमध्ये भरली होती. हाइड पार्कमधील भव्य औद्योगिक प्रदर्शनाचे निमित्त साधून इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी ती घडवून आणली. सोळा खेळाडूंच्या या बाद पद्धतीच्या स्पर्धेत आंडरसन यांनी पहिल्याच फेरीत कीझरित्स्कींना हरवले आणि पुढे सेन, स्टाँटन व विव्हिल यांना नमवून पहिला क्रमांक मिळवला. प्रस्तुत डाव मात्र स्पर्धेतील नव्हे. तो फावल्या वेळेतला, मैत्रीचा डाव होता. स्पर्धेचा डाव म्हणून केलेला त्याचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे. डाव स्ट्रँड रस्त्यावरील सिम्प्सन्स दिवाण या उपाहारगृहात झाला, अशी परंपरा आहे. लंडनमधील एखाद्या बुद्धिबळ मंडळाच्या जागेत तो झाला असावा, असेही एक मत आहे. अशा मैत्रीच्या डावांची त्या काळी रीतसर नोंद होत नसे. त्यामुळे परंपरेला छेद देण्याइतका पुरावा दुसऱ्या बाजूलाही नाही.

कीझरित्स्की मूळचे दोर्पातचे (आताचे एस्टोनियातील तार्तू). पॅरिसच्या काफे द ला रेजांसमध्ये तासाला पाच फ्रँक घेऊन ते बुद्धिबळ शिकवत व खेळत. एका प्रसिद्ध डावात हरलेला खेळाडू एवढीच त्यांची ओळख उरली, हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. लंडनमधील मैत्रीच्या डावांत आंडरसन यांच्यापेक्षा तेच वरचढ ठरल्याचे दिसते. शिवाय हा डाव जगापुढे आणला तोही त्यांनीच. आपला पराभव त्यांनी स्वतःच्या ‘ला रेजांस’ या मासिकात जुलै १८५१ मध्ये प्रसिद्ध केला. डाव संपताच त्यांनी चाली तारेने पॅरिसला कळवल्या, असेही सांगितले जाते. ‘अमर’ हे विशेषण १८५५ मध्ये व्हिएन्नाचे एर्न्स्ट फाल्कबेअर यांनी दिले आणि ते सर्व भाषांत रूढ झाले.

डावाची नोंद : येथे पटाच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशा धरल्या असून आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आहेत. रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. अक्षर नसल्यास प्यादे. × मारणे, + शह. चालीच्या आकड्यापुढे तीन टिंबे असल्यास ती चाल काळ्याची.

१. ई४ ई५ २. एफ४ ई×एफ४ ३. उं-सी४ व-एच४+ ४. रा-एफ१ बी५ ५. उं×बी५ घो-एफ६ ६. घो-एफ३ व-एच६ ७. डी३ घो-एच५ ८. घो-एच४ व-जी५ ९. घो-एफ५ सी६ १०. जी४ घो-एफ६ ११. ह-जी१ सी×बी५ १२. एच४ व-जी६ १३. एच५ व-जी५ १४. व-एफ३ घो-जी८ १५. उं×एफ४ व-एफ६ १६. घो-सी३ उं-सी५ १७. घो-डी५ व×बी२ १८. उं-डी६ उं×जी१ १९. ई५ व×ए१+ २०. रा-ई२ घो-ए६ २१. घो×जी७+ रा-डी८ २२. व-एफ६+ घो×एफ६ २३. उं-ई७ मात.

सुरुवात किंग्ज गॅम्बिटची (गॅम्बिट म्हणजे आरंभीच प्यादे देऊ करणे; येथे एफ-प्यादे), उंट सी४ वर आणण्याच्या प्रकारातली. चौथ्या चालीला राजा हलवावा लागल्याने पांढऱ्याचा किल्लेकोटाचा हक्क गेला. बी५ हे प्यादे पुढे टाकण्याची युक्ती काफे द ला रेजांसमध्ये वावरणाऱ्या ब्रायन या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. उंट त्या प्याद्यामागे बाजूला ओढला जावा, हा तिचा हेतू. सातव्या चालीतील घो-एच५ मागे घो-जी३+ ची धमकी आहे. त्या घोड्याला एच-प्याद्याने मारले, तर पट्टी उघडी होऊन एच१ वरचा हत्ती पडतो. आठव्या चालीला वजीर जी५ वर येऊन बी५ चा उंट व एच४ चा घोडा एकदम पकडतो. नववी चाल घो-एफ५ या दोन्हींना एकच उत्तर देते : घोडा सुटतो, आणि पाचव्या ओळीत मध्ये उभा राहून उंटावरची वजिराची नजरही अडवतो. या घोड्याला लगेच जी६ ने हुसकावणे बरे झाले असते, असे मत क्लिंग व हॉर्विट्स या समकालीन टीकाकारांनी त्याच वर्षी नोंदवले. पुढे हाच घोडा जी७ वर पडून डाव संपवतो, हे पाहता त्या मताचे वजन कळते.

अकराव्या चालीला आंडरसन बी५ चा उंट तसाच सोडून देतात. येथे बळी देणे म्हणजे मोहरे पुढे फेकणे नव्हे, तर मारात असलेले मोहरे न हलवणे. जर्मन ग्रँडमास्टर रोबेर्ट ह्यूब्नर यांच्या मते काळ्याने उंट न मारता एच५ करायला हवे होते. उंटाच्या बदल्यात पांढऱ्याला काय मिळाले, ते पुढच्या तीन चालींत दिसते. एच४, एच५ या प्याद्यांच्या रेट्याने वजीर कोंडला जातो आणि व-एफ३ मध्ये दोन धमक्या एकत्र येतात. उं×एफ४ झाल्यास वजिराला जागा उरत नाही. ई५ झाल्यास एफ६ चा घोडा मारात येतो आणि एफ३ ते ए८ हा तिरपा रस्ता उघडून कोपऱ्यातला हत्तीही सापडतो, कारण बी७ वरचे प्यादे केव्हाच गेलेले असते. म्हणून काळ्याला घोडा जी८ वर परत न्यावा लागतो. चौदा चालींचा हिशेब मांडला, तर काळ्याने पाच प्याद्यांवर, पाच वजिरावर आणि चार एकाच घोड्यावर खर्च केल्या, आणि तो घोडा शेवटी मूळ घरी बसला. पटावर वजिराखेरीज काळ्याचे एकही मोहरे बाहेर नाही. आंडरसन यांच्या सगळ्या बळींचे समर्थन या हिशेबात आहे. तो ध्यानात न घेता डावाची वाखाणणी केली, तर शेवटचा भाग निव्वळ जादूचा वाटू लागतो.

सतराव्या चालीनंतरची मांडणी अशी. पांढरा : रा-एफ१, व-एफ३, ह-ए१, ह-जी१, उं-एफ४, घो-डी५, घो-एफ५, प्यादी ए२, सी२, डी३, ई४, जी४, एच५. काळा : रा-ई८, व-बी२, ह-ए८, ह-एच८, उं-सी८, उं-सी५, घो-बी८, घो-जी८, प्यादी ए७, बी५, डी७, एफ७, जी७, एच७. डाव लावून पाहणाऱ्याने येथे थांबून पट ताडून घ्यावा. काळ्याचे प्यादे बी७ वर दिसले, तर चौथ्या चालीत चूक झाली आहे असे समजावे. सी-पट्टीत काळे प्यादे राहिले असेल, तर अकरावी चाल सुटली आहे. दोन्ही बाजूंची प्यादी सहा-सहा आणि पांढरा एका उंटाने मागे, असा हिशेब जुळला पाहिजे.

अठरावी चाल उं-डी६ ही डावातील सर्वांत चर्चिली गेलेली चाल. बी२ चा वजीर ए१ च्या हत्तीवर, सी५ चा उंट जी१ च्या हत्तीवर नेम धरून असताना पांढरा तिसरे मोहरे मारात ठेवतो. ते घेता येत नाही : १८... उं×डी६ १९. घो×डी६+ रा-डी८ २०. घो×एफ७+ रा-ई८ २१. घो-डी६+ रा-डी८ २२. व-एफ८ मात. मात्र ही पांढऱ्याची सर्वोत्तम चाल होती, असे आज कोणी जाणकार म्हणत नाही. ह्यूब्नर यांनी उं-ई३ किंवा ह-ई१ अधिक भक्कम ठरवल्या आहेत. एवढे न देताही त्यांत जय होता. त्याआधी सतराव्या चालीला डी४ करून मग घोडा डी५ वर आणावा, अशी ग्रँडमास्टर रिखार्ड रेटी यांची सूचना होती.

काळ्याच्या बचावाबद्दल विल्हेल्म स्टाइनिट्झ (पुढे पहिले अधिकृत विश्वविजेते) यांनी १८७९ मध्ये सुचवलेला मार्ग महत्त्वाचा आहे : १८... व×ए१+ १९. रा-ई२ व-बी२. वजीर परतून सी२ च्या प्याद्यावर रोखला जातो, त्याच्या रक्षणासाठी पांढऱ्याला रा-डी२ ही चाल खर्चावी लागते, आणि मगच काळा जी१ चा हत्ती मारतो. एका चालीचा हा फरक आक्रमणाची धार बोथट करतो.

येथेच चालींच्या क्रमाचा वाद येतो. काही जुन्या नोंदींत १८... व×ए१+ १९. रा-ई२ उं×जी१ २०. ई५ असा क्रम आहे. वर दिलेला क्रम अधिक प्रचलित आहे. विसाव्या चालीनंतर पटावरची स्थिती दोन्हींत तंतोतंत एकच होते, म्हणून बहुतेक लेखक हा मुद्दा किरकोळ मानून सोडून देतात. प्रत्यक्षात काळ्याची निर्णायक चूक कोणती, हे त्यावरच ठरते. प्रचलित क्रम खरा असेल, तर अठराव्या चालीला चुकीचा हत्ती मारला गेला. दुसरा क्रम खरा असेल, तर कीझरित्स्की योग्य हत्तीपासून सुरू करून एकोणिसाव्या चालीला वजीर मागे घ्यायला चुकले. म्हणजे स्टाइनिट्झ यांच्या बचावाच्या ते अगदी उंबऱ्यापर्यंत पोहोचले होते. कीझरित्स्की आपल्या मासिकात स्वतः रचलेली, वाचायला अवघड अशी नोंदपद्धत वापरत. तिच्यावरून उतरवून घेताना क्रम उलटा होणे अशक्य नाही. प्रस्तुत नोंदीत प्रचलित क्रम ठेवला आहे, तो सर्व टीपा त्याला धरून लिहिल्या गेल्या म्हणून. पुराव्याने वाद मिटला म्हणून नव्हे.

शेवटाबद्दलही मतभेद आहेत. मात पटावर झाली की काळ्याने विसाव्या चालीच्या सुमारास डाव सोडला व उरलेल्या चाली टिपणीतून डावात शिरल्या, हा प्रश्न आहे. अनुभवी खेळाडू ती स्थिती ओळखून थांबले असावेत, हे अधिक संभवनीय वाटते. आंडरसन यांनी शेवट आधीच पाहिला होता, याबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. तो पाहिल्याशिवाय एकोणिसावी चाल सुचणेच कठीण आहे.

ती चाल, ई५, वरकरणी एका प्याद्याचे साधे पाऊल आहे. एक हत्ती गेलेला आणि दुसरा मारात असताना केलेली ही चाल ए१ ते एच८ हा लांब तिरपा रस्ता बंद करते आणि कोपऱ्यात शिरलेला काळा वजीर जी७ च्या रक्षणातून बाद होतो. धमकी घो×जी७+, रा-डी८, उं-सी७ मात अशी. काळा घो-ए६ करून सी७ राखतो. दुसरा उपाय २०... उं-ए६, त्यावर रशियन खेळाडू मिखाईल चिगोरिन यांनी खोल विश्लेषण केले. २१. घो-सी७+ रा-डी८ २२. घो×ए६ नंतर काळ्याच्या चिवट बचावातही अखेरच्या टप्प्यात पांढराच जिंकतो, असा निष्कर्ष निघतो.

२१. घो×जी७+ ला रा-डी८ हे एकच उत्तर आहे, कारण एफ८ व ई७ ही दोन्ही घरे डी६ चा उंट राखतो. आता लगेच २२. उं-ई७+ केल्यास जी८ चा घोडा तो उंट मारतो आणि आक्रमण फसते. हा डाव आठवून लावणारे येथेच हमखास घसरतात. म्हणून आधी व-एफ६+ : वजीर देऊन त्या एकाच रखवालदाराला ई७ वरून दूर खेचायचे. घोड्याने वजीर न मारता तो ई७ वर आडवा घातला, तरी व×ई७ ही मातच. अंतिम स्थितीत डी५ चा घोडा सी७ राखतो व ई७ च्या उंटाला आधार देतो, जी७ चा घोडा ई८ अडवतो, तर सी८ व डी७ ही घरे काळ्याच्याच उंटाने व प्याद्याने व्यापलेली असतात. पांढऱ्याची उरलेली तिन्ही मोहरी मात करण्याच्या कामी येतात, एकही रिकामे नाही. काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट आणि दोन्ही घोडे पटावर शाबूत असून राजाला त्यांचा उपयोग होत नाही. डावाचे खरे सौंदर्य या काटकसरीत आहे. बळींच्या संख्येवरच बोट ठेवणारे ते अर्धेच पाहतात. आपल्याकडील जुन्या देशी बुद्धिबळातही प्याद्याने केलेली मात मानाची समजली जाई. लहान मोहऱ्यांनी मोठे काम साधण्याची ही आवड एका देशापुरती नव्हती.

या डावाचे मोल ठरवताना काळ लक्षात घ्यावा लागतो. तेव्हा बचावाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते, देऊ केलेले मोहरे नाकारणे भित्रेपणाचे मानले जाई, आणि लंडनच्या स्पर्धेतसुद्धा वेळेची मर्यादा नव्हती. अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यांनी डिसेंबर १८५८ मध्ये पॅरिसला आंडरसन यांना सात विजय, दोन पराभव व दोन बरोबरी अशा फरकाने हरवले, ते मोहरी झटपट बाहेर काढण्याच्या काटेकोरपणामुळे. स्टाइनिट्झ यांनी १८६६ मध्ये आंडरसन यांच्यावर ८–६ असा विजय मिळवला, आणि पुढे बळी नाकारण्याला व सावकाश बचावाला प्रतिष्ठा दिली. तरीही आंडरसन यांनी लंडन (१८६२) व बाडेन-बाडेन (१८७०) या मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ते केवळ चमकदार डावांचे धनी नव्हते.

त्यांचा दुसरा गाजलेला डाव १८५२ मध्ये बर्लिनला जाँ द्युफ्रेन यांच्याविरुद्ध इव्हान्स गॅम्बिटमध्ये झाला. तो ‘सदाहरित डाव’ म्हणून ओळखला जातो. त्यातील एकोणिसावी चाल ह-डी१ (ए-पट्टीतील हत्तीने) कितपत अचूक होती, याविषयीचा वादही दीर्घकाळ चालला.