दार उघडं आहे हे जीपला सांगणार कोण?

आमच्याकडे ९४ सालची महिंद्राची जीप आहे, एमएम ५४०. आली तेव्हा वर ताडपत्री आणि दरवाजे म्हणून कॅनव्हासचे पडदे, पावसात एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने पडदा धरायचा. गेल्या दिवाळीत कराडच्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचे दरवाजे करून घेतले, लॉक जुन्या बाजारातलं, बीडिंग मीटरवर कापून आणलेलं, तरी काम झकास झालं. आईचं म्हणणं एवढंच होतं की दार उघडल्यावर आत लाइट लागली पाहिजे, रात्री उतरताना पायरी दिसत नाही. म्हणलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. तीन रविवार गेले.

कंपनीच्या जुन्या गाड्यांमध्ये दाराच्या चौकटीत एक रबरी टोपीची पिन असते, बघितली असेलच. दार लावलं की पिन आत दाबली जाते आणि लाइट बंद, उघडलं की स्प्रिंगने पिन बाहेर आणि लाइट चालू. गंमत अशी की या स्विचला वायर एकच येते. बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, म्हणजे अख्खी बॉडीच दुसरी वायर. दिव्याला १२ व्होल्ट कायम आलेलेच असतात, पिन फक्त दिव्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकवायचं काम करते. म्हणूनच स्विचच्या स्क्रूखाली रंग राहिला किंवा गंज आला की लाइट लागत नाही, आणि आपण बल्ब बदलत बसतो.

नवीन गाड्यांत हा स्विच दाराच्या लॉकच्या आतच असतो. आमच्या लॉकमध्ये तसलं काही नव्हतं, म्हणून आधी पिनच लावून बघितली. पण फॅब्रिकेशनच्या दाराचा गॅप कधी सारखा नसतो, आमच्याकडे वर ५ मिलिमीटर आणि खाली जवळजवळ १२, त्यात बिजागरी जरा बसली की आणखी फरक. पिन धड दाबलीच जायची नाही, खड्ड्यातून गेलं की आत डिस्को.

मग रीड स्विच आणला. ही वस्तू मला फार आवडते. काचेची बारीक नळी, आत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण मध्ये केसाएवढी फट. चुंबक जवळ आलं की पट्ट्यांची समोरासमोरची टोकं विरुद्ध ध्रुव होतात आणि एकमेकींना चिकटतात, कानाजवळ धरलं तर टिक ऐकू येतं. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवुडने १९३६ साली टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी हा शोधला. नळी सीलबंद, आत बहुतेक वेळा नायट्रोजन, त्यामुळे कोकणातला पावसाळा असो की धूळ, काँटॅक्टला काही होत नाही. शिवाय चिकटायला चुंबक जितकं जवळ यावं लागतं त्यापेक्षा सुटायला जास्त लांब जावं लागतं, म्हणजे दार थोडं हललं तरी लाइट फडफडत नाही. आणि स्विच चौकटीत, दारात नुसतं चुंबक. बिजागरीतून वायर न्यायचीच नाही.

लावला. दार बंद केलं तर लाइट चालू, उघडलं तर बंद! फ्रिजच्या बरोबर उलटं.

कारण सरळ आहे, दुकानात मिळतो तो स्विच चोराच्या अलार्मसाठीचा, चुंबक जवळ असताना जोडलेला राहणारा. वायरमन म्हणाला रिले टाका (कॉइलमध्ये करंट गेला की ओढला जाणारा स्विच), उलटं होईल. दोन्ही दारांचे स्विच एकामागे एक जोडले, दोन्ही बंद असतील तरच रिले ओढला जाणार, एक जरी उघडलं की सुटणार आणि लाइट लागणार. (स्विचच्या जोडणीत हे 'आणि', 'किंवा'चं गणित दडलेलं आहे हे अमेरिकेतच क्लॉड शॅनन नावाच्या २१ वर्षांच्या पोराने १९३७ साली दाखवून दिलं, आजचे कॉम्प्युटर त्यावरच चालतात.) दोन दिवस मी खूश. मग आम्ही दहा दिवस गावाला गेलो, आलो तर जीप नुसतं टक् करून गप्प.

हिशेब आधी करायला हवा होता. रिलेची कॉइल साधारण १५० मिलीअँपिअर खाते. दार तर दिवसरात्र बंदच असतं, म्हणजे रिले दिवसरात्र ओढलेला, २४ तासांत ३.६ अँपिअर-अवर, दहा दिवसांत ३६. जुन्या बॅटरीच्या निम्म्याहून जास्त जीव गेला, तोही लाइट बंद ठेवण्यासाठी!

पण अलार्मवाले मूर्ख नाहीत हं. बिल्डिंगच्या जाळीच्या लिफ्टमध्येही असंच असतं, प्रत्येक मजल्याच्या दाराचा काँटॅक्ट एकामागे एक, सगळे जुळले तरच लिफ्ट हलते. म्हणून तर कुणी तिसऱ्या मजल्यावर दार अर्धवट सोडलं की खालून "दरवाजा लावा ओ" अशी बोंब सुरू होते. तिथे वायर तुटली तरी लिफ्ट थांबते, म्हणजे बिघाडसुद्धा सुरक्षित बाजूला झुकतो. जीपच्या दिव्यात वायर तुटली तर फार तर अंधार होतो, त्यासाठी चोवीस तास करंट जाळायचं कारण नाही.

तेव्हा तीन वायरींचा रीड आणला, ज्यात चुंबक लांब गेल्यावर जुळणारा काँटॅक्टही असतो. दोन्ही दारांचे समांतर जोडले, रिले काढून टाकला, दार बंद असताना करंट शून्य. बल्बही बदलावा लागला. १० वॉटच्या साध्या बल्बला तसा ०.८ अँपिअर लागतो, पण थंड तारेचा रेझिस्टन्स तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच, म्हणून लागताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढला जातो आणि रीडच्या नाजूक पट्ट्या वेल्डिंग झाल्यासारख्या चिकटून बसतात. २ वॉटचा एलईडी लावला, प्रश्न मिटला.

शेवटचा घोळ पत्र्याचा. टेबलावर २० मिलिमीटरवरून टिक करणारा स्विच चौकटीवर ८ वरसुद्धा दाद देईना. लोखंडी पत्रा चुंबकाचं बळ स्वतःतूनच वळवून नेतो, रीडपर्यंत पोचतच नाही. स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाचे जाड तुकडे कापून स्विच आणि चुंबक दोन्हींच्या खाली दिले आणि काम झालं. आईने बोर्ड कुठे गेला विचारलं, मी लाइट दाखवली.

मे महिन्यात मात्र आम्ही दरवाजे काढून ठेवतो. दार नाही म्हणजे चुंबक नाही, जीपच्या मते दार सताड उघडं, लाइट अखंड चालू. त्यावर उपाय म्हणून मोडक्या स्पीकरच्या चुंबकाचे दोन तुकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. दार काढलं की तुकडा टेपने चौकटीला चिकटवायचा, जीपला वाटतं दार लागलेलं आहे.