संग्राह्य ग्रंथावृत्तींची छपाई व बांधणी (पुणे)

मजकूर तोच ठेवून कागद, छपाई, बांधणी आणि वेष्टन यांवर जादा खर्च करून, बहुधा मर्यादित प्रतींत काढलेल्या पुस्तकाला संग्राह्य किंवा डिलक्स आवृत्ती म्हणतात. पुण्याच्या प्रकाशनव्यवहारात अशा आवृत्तीची लक्षणे बऱ्यापैकी ठरलेली आहेत : प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी, रेक्झिन किंवा कापडाची पुठ्ठाबांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरे, आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) रंगीत चित्रे, एकाहून अधिक खंड असल्यास जाड पुठ्ठ्याची पेटी, आणि क्वचित प्रतीवर हाताने घातलेला क्रमांक व लेखकाची स्वाक्षरी. यांतील बहुतेक गोष्टी पुस्तक फारसे न उघडता दिसतात. प्रत दोन पिढ्या टिकेल की दहा वर्षांत सुटी होईल, हे मात्र कागदातील तंतूंची दिशा, फर्म्यांची (घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची) शिवण आणि कण्यामागचे अस्तर यांवर ठरते, आणि त्यांचा उल्लेख नोंदणीच्या पत्रकात सहसा नसतो.

‘उत्तम प्रत’ आणि ‘विक्रीची सर्वसाधारण प्रत’ हा भेद भारतीय कायद्यालाही माहीत आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. ती ज्या सर्वोत्तम कागदावर पुस्तकाची कोणतीही प्रत छापली असेल त्या कागदावरची, नकाशे व चित्रांसह पूर्ण आणि बांधलेली वा शिवलेली असावी, असे कायदा सांगतो. मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ग्रंथालयांना मात्र सर्वाधिक प्रती ज्या कागदावर छापल्या तोच कागद चालतो.

पुणे परिसरात कागदाची परंपरा छापखान्यांहून जुनी आहे. जुन्नर येथे हातकागद तयार होत असे आणि पेशवाईच्या दप्तरांत तो वापरला जाई. कसबा पेठेतील कागदीपुरा हे नावही त्याच व्यवसायाची खूण आहे. त्या काळच्या पोथीला कणा नव्हता. सुटी पाने दोन फळ्यांत धरून कापडात बांधली जात आणि पोथी आडवी ठेवली जाई, त्यामुळे आज बांधणीपुढे उभे राहणारे निम्मे प्रश्न तिच्याबाबत उद्भवतच नसत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेने पुण्यात शिळाछपाईची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली, तर राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे आणि एक रंग दुसऱ्यावर नेमका बसवण्याचे कसब कारागिराच्या हातात असे. ग्रंथांच्या बाजूने, १८८८ मध्ये महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाची संस्कृत ग्रंथावली आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक (अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती यांनी पुण्याच्या ग्रंथनिर्मितीचा लौकिक घडवला. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या या महाभारताचे संपादन पुण्यात झाले, पण आरंभीचे खंड मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या प्रकल्पाला आर्थिक बळ तर दिलेच, शिवाय स्वतःची चित्रेही दिली. वर संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेद अशी या आवृत्तीची पृष्ठरचना आजही जुळणीचा आदर्श म्हणून दाखवावी अशी आहे. सोन्याची अक्षरे नसतानाही ती संग्राह्य ठरली, हे विशेष.

कागद निवडताना ‘जीएसएम’ म्हणजे दर चौरस मीटरचे वजन पाहिले जाते. मजकुराला साधारण ७० ते ८० जीएसएमचा मॅपलिथो (लेप नसलेला छपाईचा कागद) आणि चित्रांना १३० जीएसएमचा आर्ट पेपर ही रुळलेली निवड आहे. भारदस्तपणासाठी सगळे पुस्तकच आर्ट पेपरवर छापण्याची हौस मात्र महागात पडते. डेमी १/८ आकाराची (सुमारे साडेपाच × साडेआठ इंची) ५०० पृष्ठे ७० जीएसएमवर सुमारे अर्धा किलो भरतात, तीच १३० जीएसएमवर जवळपास एक किलो होतात, आणि हा सगळा भार उभ्या पुस्तकात कण्याच्या शिवणीवर लोंबतो. शिवाय आर्ट पेपरवरचा चिनी मातीचा लेप दिव्याखाली चमकतो आणि भिजला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नारायण व शनिवार पेठांत पाणी शिरले, तशा प्रसंगी साधा कागद सुकवून वाचवता येतो, लेपाचा कागद बहुधा नाही.

वजनाहून महत्त्वाची, तरीही सर्वाधिक दुर्लक्षित बाब म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात, आणि दमट हवेत कागद तंतूंच्या लांबीत नव्हे तर आडव्या दिशेने फुगतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि श्रावणात ८० टक्क्यांच्या वर राहते, म्हणजे पुस्तकाचा कागद दर वर्षी एकदा फुगतो आणि एकदा आकसतो. तंतू कण्याला समांतर असतील तर पान मोकळ्या कडेकडे सरकते आणि काही बिघडत नाही. ते कण्याला काटकोनात असतील तर शिवणीत अडकलेली कड फुगू शकत नाही, मोकळी कड फुगते, आणि पानांना लाटा पडतात. डेमी १/८ साठी २३ × ३६ इंची ताव घेतला आणि त्यातील तंतू ३६ इंची बाजूने असले की ते आपोआप योग्य दिशेला येतात; पण संग्राह्य चित्रग्रंथांना हौसेने दिलेल्या चौरस किंवा आडव्या आकारात ताव वाचवण्यासाठी पाने उलटी बसवली जातात आणि महागड्या पुस्तकातच हा दोष जास्त आढळतो. पुठ्ठ्यालाही हाच नियम लागू आहे. पुठ्ठा, वरचे कापड आणि आतला अस्तराचा कागद या तिन्हींची दिशा जुळली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात मुखपृष्ठ धनुष्यासारखे वाकते.

छपाईत खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) काळचे आणि ऑफसेटनंतरचे, म्हणजे पातळ पत्र्यावरून रबरी पृष्ठामार्फत छापण्याची पद्धत आल्यानंतरचे, दोष निराळे आहेत. खिळ्यांच्या छपाईत रफार, अनुस्वार आणि वेलांटीचे टोक हे नाजूक भाग आधी झिजत किंवा तुटत, त्यामुळे आवृत्तीच्या शेवटच्या प्रती पहिल्या प्रतींहून निकृष्ट निघत. ऑफसेटमध्ये अक्षर तुटत नाही, पण मजकुराचा काळा रंग चुकून चारही रंगांत विभागला गेला तर शिरोरेषेच्या कडेला निळी-तांबडी झाक दिसते. काळा मजकूर एकाच काळ्या शाईत हवा. रंगीत चित्रात चार रंगांचे ठिपके नेमके एकमेकांवर बसले आहेत की नाहीत, हे डोळ्यांच्या पापण्या, दागिने किंवा पोशाखाची किनार यांवर भिंगातून लगेच कळते. जुन्या दुर्मीळ ग्रंथांच्या ‘जशास तशा’ पुनर्मुद्रणांचा प्रश्न याहून अवघड आहे. मूळ पृष्ठ स्कॅन करताना अक्षरे ठळक केली की ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या आतील पोकळ्या भरतात, बारीक केली की अनुस्वार नाहीसे होतात. असे पुस्तक कितीही सुंदर बांधले तरी ते वाचण्यास मूळ जीर्ण प्रतीपेक्षा त्रासदायक असते, आणि पेटीची किंमत लावून ते विकणे योग्य वाटत नाही.

बांधणी हा या विषयाचा गाभा आहे. छापलेल्या तावाच्या घड्या घालून १६ पृष्ठांचा एक फर्मा तयार होतो. फर्मे क्रमाने लावले जातात, आणि यानंतर तीन वाटा फुटतात. पहिलीत प्रत्येक फर्मा घडीच्या मध्यातून दोऱ्याने शिवून शेजारच्या फर्म्याला गुंफला जातो. दुसरीत सगळे फर्मे एकत्र धरून कडेने आरपार शिवतात किंवा तारेने टाचतात. हे मजबूत असते, पण पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतला समास शिवणीत जातो. तिसरीत, म्हणजे परफेक्ट बाइंडिंगमध्ये, घड्या यंत्राने कापून प्रत्येक पान केवळ गरम सरसाने कण्याला चिकटवले जाते. नेहमीचा हॉटमेल्ट सरस जुना होऊन ठिसूळ झाला की पाने सुटतात. पीयूआर (पॉलियुरेथेन) प्रकारचा सरस हवेतील ओलाव्याने पक्का होतो आणि अधिक टिकतो, पण आर्ट पेपरला शिवणीची बरोबरी त्यालाही करता येत नाही. फसगत होते ती इथे : परफेक्ट बाइंडिंग केलेल्या गठ्ठ्यावर पुठ्ठ्याचे आवरण चढवले की बाहेरून ती शिवलेल्या पुठ्ठाबांधणीसारखीच दिसते. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्याही हे तपासता येते. पुस्तक मिटून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहावे. फर्म्यांच्या गोलसर घड्या ओळीने दिसल्या तर ते बहुधा शिवलेले, सरळ कापलेली कड दिसली तर चिकटवलेले. नंतर फर्म्याच्या मध्यावर, म्हणजे आठव्या-नवव्या पृष्ठांच्या मध्ये, दोरा आहे का ते पाहावे. वरच्या टोकाला दिसणारी रंगीत पट्टी, हेडबँड, यावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण ती आज बहुतेक वेळा थानातून कापून चिकटवलेली असते.

शिवणीनंतर कण्याला सरस, त्यावर जाळीदार कापड आणि त्यावर कागद लागतो. हे कापड दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर येऊन पुठ्ठ्यावर चिकटले, तरच पुस्तकाचा भार आवरण पेलते. नुसत्या अस्तराच्या कागदावर विसंबलेले जाड पुस्तक काही वर्षांत आवरणातून खाली निसटते. कण्याला दिलेली गोलाई शोभेसाठी नसून, दोऱ्यामुळे वाढलेली जाडी वाटून घेण्यासाठी आणि पाने पुढे घसरू नयेत म्हणून असते. हाताने काम करणारे कारागीर मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कसर आणि झुरळे दूर राहतात.

आवरणाबाबत थोडक्यात : रेक्झिन स्वस्त आणि चमकदार असले तरी उष्णतेत शेजारच्या पुस्तकाला चिकटते, तर चांगले कापड मळते पण तुटत नाही. मॅट लॅमिनेशनवर ओरखडे लगेच उठतात. ‘सोनेरी’ अक्षरे बहुधा धातूचा लेप असलेल्या प्लॅस्टिक पट्टीने उष्ण ठशाखाली उमटवलेली असतात.

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे होते, त्यामुळे जुन्या पुणेरी पुस्तकाचा छापखाना पेठेसह सापडतो. त्याच्या जागी आलेला २०२३ चा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. बांधणाऱ्याचे नाव छापण्याची सक्ती जुन्या कायद्यातही नव्हती, म्हणून उत्तम बांधणीचे श्रेय सहसा अनामिकच राहिले. संग्राहकाने सैल झालेली प्रत पुन्हा बांधायला देताना मूळ आवरण, पेटी आणि क्रमांकाचे पान जपण्यास सांगावे, आणि कडा यंत्राने छाटू नयेत असे आधीच बजावावे. ग्रंथालयांच्या पुनर्बांधणीत तिन्ही बाजू कापून समास गमावलेल्या प्रती जुन्या बाजारात भरपूर दिसतात.