चिपमधून हटलेलं जर्मेनियम घराघरांत कसं पोहोचलं?

बॅटरीशिवाय वाजणारा क्रिस्टल रेडिओ ज्यांनी शाळेत असताना जोडला, त्यांना जर्मेनियम हे नाव नवं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला काचेचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग, उजेडात धरला, की जर्मेनियमच्या कणावर टेकलेली बारीकशी तार दिसायची. आकाशवाणी मुंबईच्या लहरींमुळे अँटेनात येणारी वीज अगदीच क्षीण. सिलिकॉनचा डायोड नीट वाहायला ०.६ ते ०.७ व्होल्ट मागतो, जर्मेनियमचं ०.२-०.३ वर भागतं. म्हणून या खेळात त्याला तोड नव्हती.

हे मूलद्रव्य सापडण्याआधीच त्याची जागा ठरलेली होती. १८७१ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत सिलिकॉनखालचं घर रिकामं ठेवून तिथे ७२ च्या आसपास अणुभाराचं मूलद्रव्य असणार, असं सांगून ठेवलं. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलर यांना ते फ्रायबर्गजवळच्या खाणीतल्या खनिजात मिळालं आणि त्यांनी त्याला आपल्या देशाचं, जर्मनीचं नाव दिलं. आजचा अचूक अणुभार ७२.६३ आहे! डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केलेला पहिला ट्रान्झिस्टरही, म्हणजे चिपमधला वीज चालू-बंद करणारा घटकही, जर्मेनियमचाच.

मग सिलिकॉन पुढे का गेलं? एक कारण उष्णता. तापलं की जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि नको तेव्हाही वीज झिरपते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा टणक, वीजरोधक थर बसतो आणि चिप बनवण्याचं सगळं तंत्र या थरावर उभं राहिलं. जर्मेनियमचा ऑक्साइड मात्र पाण्यात विरघळतो. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांना त्यातली अडचण वेगळी सांगायला नको.

गंमत म्हणजे याच ऑक्साइडला पुढे मोठं काम मिळालं. इमारतीच्या डक्टमधून आपल्या राउटरपर्यंत येणारी फायबर १२५ मायक्रॉन जाडीची काच असते. तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यात जर्मेनियम डायऑक्साइड मिसळतात. त्याने गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, किंचित वाढतो आणि वळणावरही प्रकाश आतच परावर्तित होत पुढे सरकतो. काचेत बंदिस्त झाल्यावर त्याला ओलीचं भय उरत नाही.

अंधारात माणसाची ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगंही जर्मेनियमची असतात. डोळ्यांना ती धातूसारखी अपारदर्शक दिसतात, अवरक्त किरण मात्र आरपार जातात.

एवढं कामाचं असूनही ते मिळतं बहुतेक जस्त शुद्ध करतानाच्या अवशेषांतून आणि कोळशाच्या राखेतून. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्यामुळे आपल्याकडच्या जस्ताच्या गाळात ते किती आहे, हे कसून तपासायला हवं.