सेल्युलोजला कोण धरतं आणि कसं: थोडी पार्श्वभूमी

वनस्पतीच्या पेशीभोवतीच्या भित्तिकेत सेल्युलोजचे तंतू, मधे हेमिसेल्युलोज, पेक्टिन ही दुसरी पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) वगैरे बेसिक गोष्टी सोडून देतो. सेल्युलोज १८३८ ला वेगळं ओळखलं गेलं, १८९१ ला अल्कलीत विरघळणाऱ्या मालाला हेमिसेल्युलोज म्हणायला लागले आणि झायलन, मॅनन, झायलोग्लुकन सगळं त्याच पोत्यात गेलं.

कोण कोणाला धरतं याचा पहिला धड नकाशा आला १९७३ मध्ये. सायकॅमोर झाडाच्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, त्यांच्या भित्तिका एन्झाइमने तोडायच्या, तुकडे ओळखायचे, असं ते काम होतं. झायलोग्लुकनचा कणा सेल्युलोजसारखाच, ग्लुकोजला ग्लुकोज त्याच पद्धतीने (बीटा-१,४) जोडलेला, फक्त साधारण चारातल्या तीन ग्लुकोजवर झायलोज या साखरेची शेपटी. म्हणजे तो हायड्रोजन बॉण्डने सेल्युलोजला बिलगणार, असा तर्क. (आजही अशा प्रयोगांना झायलोग्लुकन बऱ्याचदा चिंचोक्याचंच असतं. सुती धाग्याला चिंचोक्याची खळ धरते ती याच ओढीमुळे.)

मग १९९० च्या आसपास या बिलगण्यातून 'दोरा' झाला. एका तंतूला चिकटलेला झायलोग्लुकन मधली जागा ओलांडून दुसऱ्या तंतूला धरतो, भित्तिकेचा ताण हे दोरे पेलतात आणि पेशी वाढताना ते सैल होतात. चित्र इतकं सुटसुटीत की पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं ते बसलंच. पुरावा मात्र मुख्यतः असा की झायलोग्लुकन सेल्युलोजला चिकटतो आणि तो काढायला कडक अल्कली लागते. आता चिकटणं वेगळं आणि ताण पेलणं वेगळं, पण वीसेक वर्षं हे दोन्ही एकच धरून चाललं होतं असं मला तरी वाटतं.

२००८ ला प्रयोगशाळांमधलं नेहमीचं छोटं रोप असलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसचा असा डबल म्युटंट (दोन जनुकं बिघडलेला) आला ज्यात झायलोग्लुकन सापडतच नव्हता आणि रोप मजेत जगत होतं, जरा लहान, मूळरोम आखूड, बस. दोरावाले म्हणाले की त्याच्या जागी दुसरी पॉलिसॅकराइड्स काम करत असतील, आणि तो मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण त्या म्युटंटची भित्तिका पेक्टिन किंवा झायलन तोडणाऱ्या एन्झाइमने नॉर्मलपेक्षा जास्त सैल पडते. पण २०१२ मध्ये काकडीच्या कोवळ्या दांड्यांवर जे झालं ते टाळता येण्यासारखं नव्हतं. झायलोग्लुकन तोडणारं एन्झाइम लावलं, ताणून धरलेली भित्तिका सरकेना (लांबेना), सेल्युलोज तोडणारं लावलं, तरी नाही, दोन्ही मिसळून लावली तरी ढिम्म. दोन्ही तोडू शकणारं एकच एन्झाइम लावलं तेव्हा सरकली. म्हणजे ताण पेलणारा झायलोग्लुकन दोन तंतूंच्या मधे लोंबकळत नाही, तंतू अगदी लगटतात तिथे फटीत दडलेला आहे, आणि तो एकूण झायलोग्लुकनच्या टक्काभरही नाही.

हायड्रोजन बॉण्डचं स्पष्टीकरणही दरम्यान ढिलं पडलं. पाण्यात ते बॉण्ड पाण्याशीही होतात, मग फायदा कसला? तंतूला चिकटलेलं पाणी मोकळं होतं, खरी कमाई तिथे, असा कल आता आहे. त्यात २०११ पासून सॉलिड-स्टेट एनएमआरने (कोणते रेणू एकमेकांच्या जवळ आहेत ते घन नमुन्यातच दाखवणाऱ्या तंत्राने) पेक्टिनही सेल्युलोजला चांगलंच लागून असल्याचं दाखवलं. नमुना वाळवल्यामुळे तसं दिसतंय अशी शंका निघाली, तर २०१५ मध्ये कधीच न वाळवलेल्या भित्तिकेतही तेच दिसलं.

झायलनची गोष्ट याहून देखणी. पाण्यात तो तीन साखरांना एक वळसा घेतो, सेल्युलोजवर बसला की दोन साखरांना एक, म्हणजे सपाट. २०१६ ला हे एनएमआरवर दिसलं. जमतं कसं, तर त्याचे फाटे (कण्यावर लटकलेले ॲसिटिलसारखे छोटे गट) एकाआड एक साखरेवर असतात, त्यामुळे सगळे एका बाजूला येतात आणि उघडी बाजू तंतूच्या पाणीप्रिय पृष्ठाला टेकते. ॲसिटिल गट बसवणारं एक एन्झाइम बिघडलेल्या म्युटंटमध्ये हा एकाआड एक क्रम मोडतो आणि २०१७ मध्ये दिसलं की तिथे झायलन सेल्युलोजवर बसतच नाही. फाटे कमी झाले की झायलन सेल्युलोजला जास्त चिकटेल हा जुना हिशेब तिथे साफ उलटा पडला. २०१९ ला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडात झायलन आणि ग्लुकोमॅनन (मॅननचाच एक प्रकार) दोन्ही एकाच तंतूवर बसलेले सापडले.