सिग्नल तुटला की व्होल्टेज कोसळलं? ग्लायडरचा रिसीव्हर पारखताना

रेडिओने चालवायचं मॉडेल ग्लायडर दूर गेलंय, जेमतेम एक रेघ दिसतेय. तुम्ही स्टिक डावीकडे देता आणि ते वळत नाही. एक सेकंद जातो, दोन जातात. मग एकदम ते पुन्हा ऐकायला लागतं, किंवा लागतच नाही. नंतर आजूबाजूला उभे असलेले सगळे एकच निदान करतात: सिग्नल गेला. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो, आणि त्यापायी चुकीच्या जागी बराच वेळ आणि पैसा घातला.

जमिनीवरून अगदी सारखे दिसणारे हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिल्यात ग्लायडरमधला रिसीव्हर जागा असतो, त्याला वीज व्यवस्थित मिळत असते, पण तुमच्या हातातल्या ट्रान्समीटरचं काही ऐकू येत नाही. दुसऱ्यात ट्रान्समीटरचा सिग्नल उत्तम पोहोचत असतो, पण बॅटरीकडून येणारं व्होल्टेज क्षणभर इतकं खाली येतं की रिसीव्हरच बंद पडून पुन्हा सुरू होतो. याला ब्राउनआउट म्हणतात. पहिल्यावरचा इलाज अँटेनात सापडतो, दुसऱ्यावरचा तारांमध्ये, कनेक्टरमध्ये आणि सेलमध्ये. दोन्हींची गल्लत झाली की माणूस नवा रिसीव्हर आणतो, त्याच जुन्या वायरिंगला जोडतो आणि तोच अपघात पुन्हा करतो.

माझ्याबाबतीत नेमकं तेच झालं. साधारण दोन मीटरचं, सहा सर्व्होंचं (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचं) ग्लायडर होतं: पंखांच्या टोकांकडे दोन एलेरॉन, आतल्या बाजूला दोन फ्लॅप, शेपटीवर रडर आणि एलेव्हेटर. ते उतरताना दोनदा हाताबाहेर गेलं. पहिल्यांदा मी अँटेना हलवले. दुसऱ्यांदा रिसीव्हरच बदलला. तिसऱ्यांदा नाक मोडल्यावर डोक्यात आलं की हे दूरवर कधीच घडलेलं नाही. तिन्ही वेळा ग्लायडर माझ्यापासून पन्नास मीटरच्या आत होतं आणि मी नुकताच ब्रेक लावला होता. सिग्नल तुटायचाच असता तर तो लांब असताना तुटायला हवा होता.

ब्रेक लावताना काय होतं ते पाहा. फ्लॅप पूर्ण खाली जातात, दोन्ही एलेरॉन वर उचलले जातात, एलेव्हेटर त्याची भरपाई करतो. म्हणजे पाच सर्व्हो एकाच क्षणी, वाऱ्याच्या दाबाविरुद्ध धावतात. छोटा डिजिटल सर्व्हो अडला किंवा झटक्यात निघाला की सहज एक अँपिअर खेचतो. पाच सर्व्हो म्हणजे पाच अँपिअर धरू. आता बॅटरीपासून रिसीव्हरपर्यंतची नेहमीची सर्व्हो वायर घ्या, २६ गेजची, ३० सेंटिमीटर लांब. करंट जाऊन परत येतो, म्हणून तारेची लांबी ६० सेंटिमीटर धरायची. या तारेचा रोध साधारण ०.०८ ओहम येतो. पाच अँपिअरला नुसत्या तारेतच ०.४ व्होल्ट गेले. त्यात स्विचचा रोध, दोन कनेक्टरच्या पिनांचा रोध आणि सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध मिळवा. चार सेलचा निकेल मेटल हायड्राइड पॅक ४.८ व्होल्टचा म्हणतात, पण अर्धा उतरलेला, थंड पडलेला आणि तीन वर्षं जुना पॅक या झटक्याला सहज चारच्या खाली जातो. रिसीव्हरमधल्या चिप बहुतेक ३.३ व्होल्टवर चालतात. त्यांच्या अलीकडचा रेग्युलेटर थोडं व्होल्टेज स्वतःकडे ठेवतो. मग उरतं किती?

म्हणून रिसीव्हर विकत घेताना मी आता किमान व्होल्टेजचा आकडा रेंजच्या आकड्याआधी वाचतो. रेंजचा आकडा उघड्या मैदानातला, आदर्श परिस्थितीतला असतो. किमान व्होल्टेज मात्र घरी टेबलावर तपासता येतं.

दोन बिघाड ओळखायचे कसे? याबाबत फेलसेफची मदत होते, आणि बरेच जण ती घेत नाहीत. सिग्नल तुटला की जागा असलेला रिसीव्हर थोडा वेळ शेवटचा आदेश धरून ठेवतो, मग तुम्ही ठरवून दिलेल्या फेलसेफ स्थितीत सर्व्हो नेतो. ब्राउनआउटमध्ये हे करायला कोणी जागाच नसतं. पल्स थांबतात, सर्व्हो होते तिथेच राहतात किंवा ढिले पडतात. त्यामुळे फेलसेफची स्थिती खालून ओळखू येईल अशी ठेवा. मी थोडा ब्रेक आणि किंचित रडर ठेवतो, मोटर असेल तर पूर्ण बंद. ग्लायडर शांतपणे ब्रेक उघडून हळूहळू गोल फिरायला लागलं, तर रिसीव्हर शुद्धीवर आहे आणि त्याला माझं ऐकू येत नाहीये. आहे त्याच वळणात किंवा आहे त्याच सूरात ते तसंच चाललं, तर संशय विजेवर.

एक अडचण आहे. ब्राउनआउटनंतर पुन्हा सुरू झालेले काही रिसीव्हर लिंक जुळेपर्यंत गप्प बसतात, तर काही आधी फेलसेफमध्ये जातात. आपला रिसीव्हर कोणत्या प्रकारचा आहे हे टेबलावरच पाहून ठेवायला हवं.

फेलसेफमध्ये शेवटची स्थिती धरून ठेवायचा पर्याय अनेक रिसीव्हर देतात. ग्लायडरसाठी मला तो अजिबात पसंत नाही. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, गोल फिरणारं चांगलं ट्रिम केलेलं ग्लायडर त्याच स्थितीत राहिलं तर ते खाली येणार नाही, वर चढत राहील आणि वाऱ्याबरोबर दूर जाईल. फ्री फ्लाइटवाल्यांना, म्हणजे रेडिओशिवाय मॉडेल उडवणाऱ्यांना, हे फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणूनच त्यांच्या मॉडेलला ठरलेल्या वेळी शेपटी उचलून थर्मलमधून खाली आणणारी यंत्रणा असते.

नोंदी काय सांगतात

टेलिमेट्री देणारा, म्हणजे स्वतःची माहिती खाली ट्रान्समीटरकडे पाठवणारा, रिसीव्हर असेल तर उड्डाणानंतर लॉग उघडा आणि दोन रेघा एकाखाली एक ठेवा: रिसीव्हरचं व्होल्टेज आणि हरवलेल्या फ्रेम्स. ट्रान्समीटर आपले आदेश छोट्या छोट्या तुकड्यांत पाठवतो, पद्धतीनुसार साधारण दर ७ ते २२ मिलिसेकंदांनी एक. तो तुकडा म्हणजे फ्रेम. एखादी फ्रेम हरवली तर हाताला कळतसुद्धा नाही. ओळीने पन्नास हरवल्या की ग्लायडर ऐकत नाही असं वाटतं. सिग्नल तुटला असेल तर व्होल्टेजची रेघ सपाट दिसते आणि हरवलेल्या फ्रेम्सचा आकडा त्या आधीपासूनच चढायला लागलेला असतो, कारण सिग्नल सहसा हळूहळू खराब होत जातो. ब्राउनआउटमध्ये उलटं दिसतं. फ्रेम्स शेवटपर्यंत नीट येत असतात, आणि रिसीव्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा आकडा शून्यापासून मोजायला लागतो. मोजणारा स्वतःच बंद पडला होता, याचा तो शून्य हा चांगला पुरावा.

मात्र व्होल्टेजच्या रेघेवर आंधळा विश्वास नको. टेलिमेट्री व्होल्टेजची नोंद अधूनमधून घेते, आणि खड्डा काही मिलिसेकंदांचा असू शकतो. लॉगमध्ये ४.७ दिसतंय म्हणजे मधल्या काळात ३.४ झालंच नाही असं नाही. माझ्या त्या ग्लायडरच्या लॉगमध्ये एकही वाईट आकडा नव्हता. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणिक बदल दाखवणारं यंत्र) लावून सगळ्या स्टिक एकदम हलवल्या तेव्हा खड्डा दिसला, अरुंद आणि खोल.

आणखी एक गोष्ट लोकांना घाबरवते. ट्रान्समीटर मध्येच टेलिमेट्री हरवल्याचं ओरडतो. तो परतीचा रस्ता आहे. रिसीव्हरकडून खाली येणारा सिग्नल बऱ्याच संचांमध्ये वर जाणाऱ्यापेक्षा कमकुवत असतो, त्यामुळे तो आधी तुटतो. ग्लायडर हुकूम पाळतंय ना, ते पाहा आणि शांतपणे जवळ आणा.

टेबलावरची परीक्षा

बदलता येणारं व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय असेल तर रिसीव्हरला एकच सर्व्हो जोडा, ट्रान्समीटर चालू ठेवा, ५ व्होल्टपासून सुरुवात करा आणि सावकाश खाली या. स्टिक हलवत राहा. कुठल्या आकड्याला रिसीव्हर सोडून देतो ते लिहून ठेवा. मग तसंच सावकाश वर जा आणि कुठे परत येतो ते लिहा. हे दोन आकडे बहुधा सारखे नसतात, आणि परत येण्याचा आकडा जास्त महत्त्वाचा.

त्यानंतर वेळ मोजा. ट्रान्समीटर चालूच ठेवून रिसीव्हरची वीज क्षणभर तोडा, लगेच जोडा, आणि स्टिक हलवत सर्व्हो पुन्हा कधी हलतो ते बघा. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर फ्रेम मोजून वेळ काढता येते. २.४ गीगाहर्ट्झच्या सुरुवातीच्या काही रिसीव्हरांना लिंक परत जुळवायला कित्येक सेकंद लागायचे. १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारं ग्लायडर तीन सेकंदांत ४५ मीटर पुढे जातं. उतरायच्या वेळी इतकं अंतर कुणाकडे शिल्लक नसतं. अर्ध्या सेकंदात परत येणारा रिसीव्हर मी ठेवतो. दोन सेकंद घेणारा हातफेकीच्या हलक्या ग्लायडरलासुद्धा लावत नाही.

आता प्रत्यक्ष ग्लायडरमधली परीक्षा: सगळे सर्व्हो, खरा पॅक, खरा स्विच. पॅक मुद्दाम अर्धा उतरवा. कोणाला तरी फ्लॅप हाताने अलगद दाबून धरायला सांगा आणि ब्रेकची स्टिक दहा-वीसदा झटक्याने खालीवर करा. गिअर तुटेल इतका जोर लावायचा नाही, वाऱ्याच्या दाबाएवढा पुरे. रिसीव्हरचा दिवा एकदा जरी लुकलुकला तरी हे ग्लायडर उडवायचं नाही.

इथे पुष्कळ जण रिसीव्हरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये मोठा कपॅसिटर लावून समाधान मानतात. हिशेब करून पाहा. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक व्होल्ट खाली येईपर्यंत तीन अँपिअर पुरवतो ते फक्त दीड मिलिसेकंद. टोकदार खड्ड्याचा शेंडा तो बोथट करतो, म्हणून असायला हरकत नाही. पण थकलेला पॅक आणि सैल पिना त्याने सुधारत नाहीत. माझ्या ग्लायडरला शेवटी काय लागलं? जाड वायर, दोन कनेक्टरमधून समांतर वीज आणि नवा पॅक. बदललेला रिसीव्हर काढून जुनाच परत बसवला, तो आजही त्यात आहे.

मोटर ग्लायडरमध्ये वीज स्पीड कंट्रोलरच्या बीईसीकडून, म्हणजे मोटरच्या बॅटरीचं व्होल्टेज कमी करून रिसीव्हरला देणाऱ्या भागाकडून, येते. त्यावर लिहिलेला करंट आणि तुमच्या सर्व्होंची बेरीज यांची तुलना उडवण्याआधी करायची. परीक्षा तीच, फक्त पंखा काढून ठेवून.

सिग्नलची बाजू

एवढं विजेबद्दल लिहिलं म्हणून सिग्नल क्वचितच तुटतो असं नाही. ग्लायडरमध्ये तो तुटायला एक खास कारण असतं: कार्बन फायबर. ते वीज वाहतं, म्हणून रेडिओ लहरी अडवतं. काचतंतू आणि केव्हलार लहरी जाऊ देतात, त्यामुळे पुष्कळ ग्लायडरांचं नाक केव्हलारचं करून मागची नळी तेवढी कार्बनची ठेवतात. पूर्ण कार्बनच्या नळीत रिसीव्हर बसवला तर अँटेना बाहेर काढण्यावाचून पर्याय नाही. २.४ गीगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे अँटेनाचा कामाचा भाग म्हणजे टोकाचे, वरचं आवरण काढलेले, जेमतेम ३१ मिलिमीटर. बाकीची वायर नुसती तिथपर्यंत पोहोचवण्यासाठी असते. हे ३१ मिलिमीटर सरळ असावेत, कार्बनपासून आणि बॅटरीपासून दूर असावेत. दोन अँटेना असतील तर एकमेकांशी काटकोनात, म्हणजे ग्लायडर कुठल्याही कोनात वळलं तरी एकाला तरी ऐकू येईल.

मैदानावरच्या रेंज टेस्टमध्ये ट्रान्समीटर शक्ती मुद्दाम कमी करतो. बहुतेक जण ग्लायडर जमिनीवर ठेवून सरळ चालत जातात, एक सर्व्हो हलवतात आणि खूश होतात. त्यातून फार थोडं कळतं. मदतनीसाला ग्लायडर खांद्याएवढं उंच धरू द्या आणि सगळ्या बाजूंनी फिरवू द्या: नाक तुमच्याकडे, शेपटी तुमच्याकडे, एक पंख खाली, मग पोट तुमच्याकडे. मदतनीसाचं शरीरही लहरी शोषतं, म्हणून त्याने अँटेना आणि तुम्ही यांच्यामध्ये उभं राहू नये. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक ग्लायडरकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात क्षीण असतो. कोणत्या कोनात फ्रेम्स हरवतात ते पाहून अँटेना हलवा आणि पुन्हा फिरवा.

या फेरीत मी सगळे सर्व्हो सतत हलवत ठेवतो. कमी शक्तीवर ग्लायडर एकाच ठरावीक कोनात गप्प होत असेल आणि कोन बदलताच परत येत असेल, तर दोष अँटेनाच्या जागेचा. कुठल्याही कोनात, पण नेमका सगळे सर्व्हो एकत्र धावतात तेव्हाच गप्प होत असेल, तर ग्लायडर घरी न्या आणि मल्टिमीटर काढा.